पाणी बघा, मग मशीन उघडा

कॉफीचं मशीन बिघडलं म्हणून कोणाचा फोन आला की मी आधी एकच विचारतो: टाकीत पाणी कुठलं घालता? समोरचा वैतागतो. त्याला पंप, बॉयलर, प्रेशर असलं काहीतरी वजनदार ऐकायचं असतं. पण आपल्या भागात, म्हणजे तुकईथड, खकनार, नेपानगर आणि तिकडे धारणीपर्यंत, घरगुती एस्प्रेसो मशीन आधी पाण्याने मरतं, मग विजेने आणि त्यानंतर वापरणाऱ्याच्या आळसाने. कंपनीच्या चुकीने मेलेली मशीनं मी फार कमी पाहिली आहेत.

ही मशीनं आता गावात दिसायला लागली आहेत. पुण्या-इंदूरला नोकरी करणारी मुलं घरून काम करायला आली, येताना मशीन घेऊन आली, जाताना ठेवून गेली. कोणाच्या भाच्याने अमेरिकेहून आणलं, कोणी सणासुदीच्या सेलमध्ये मागवलं. कुरिअर दारापर्यंत येतं, कंपनीचा कारागीर येत नाही. वॉरंटी कार्डावर सेवा केंद्राचा पत्ता इंदूरचा नाहीतर मुंबईचा असतो, आणि तेवढ्या लांब खोकं पाठवायचं तर आत थर्माकोल घालून नीट बांधणं हाच एक उद्योग होऊन बसतो. म्हणून आपलं आपण ओळखता आलं पाहिजे: काय बिघडलंय, काय बिघडलेलंच नाही, आणि कशाला हात लावायचा नाही.

आधी थोडं यंत्राबद्दल. लग्नाच्या मांडवात मिळते ती फेसाळ एस्प्रेसो म्हणजे इन्स्टंट पावडर, साखर आणि दूध यांत सोडलेली वाफ, वरून कोकोची चिमूट. तिला नावं ठेवायचं कारण नाही, थंडीतल्या लग्नात तीच हवी. पण ते मशीन नुसता वाफेचा बॉयलर असतं. घरातल्या मशीनमध्ये पंप असतो. दळून दाबलेल्या कॉफीतून तो साधारण 90 ते 96 अंशांचं पाणी सुमारे 9 बार दाबाने ढकलतो. ट्रकच्या टायरमध्ये भरतात, जवळपास तेवढा हा दाब. मिलानच्या गाजियाने 1948 च्या सुमारास तरफ लावून हा दाब मिळवला, 1961 मध्ये फाएमाच्या ई-61 ने ते काम विजेच्या पंपाला दिलं, आणि आज स्वयंपाकघराच्या ओट्यावरचं मशीन तीच पद्धत लहान करून वापरतं. खोक्यावर 15 किंवा 20 बार छापलेलं असतं त्याकडे लक्ष देऊ नका. तो पंपाचा कमाल आकडा आहे, कॉफीला त्याची गरज नाही.

आता पाणी. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ज्यांनी आत उतरून पाहिला आहे त्यांना भुयाराच्या भिंतींवर जमलेला पांढरा थर आठवत असेल. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्यातून झिरपणारं पाणी भुयारांनी शहरात आणलं. डोंगरातून येताना ते पाणी चुनाही विरघळवून आणतं, आणि चारशे वर्षं तो भिंतींवर बसतो आहे. आपल्या बोअरचं आणि विहिरीचं पाणीही त्याच डोंगरातलं. जुलै 2022 मध्ये बुऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. घरोघरी नळ आला, हंडे वाहणं थांबलं, ही मोठीच गोष्ट झाली. पण नळ आला म्हणून पाणी हलकं होत नाही.

भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतात आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. माणसाला ते चालतं. मशीनला 600 चं पाणी म्हणजे हळूहळू दिलेलं विष. पाण्यातला विरघळलेला चुना तापला की दगड होऊन बाहेर पडतो आणि तापवणाऱ्या भागावर बसतो. घरगुती मशीनमध्ये बहुधा मोठा बॉयलर नसतो, अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून गेलेली एक बारीक वाट असते. ती अर्धी भरायला फार दिवस लागत नाहीत. थर बसला की पाण्यापर्यंत उष्णता पोचत नाही, ठोकळा मात्र तापत राहतो, आणि शेवटी आतला थर्मल फ्यूज उडतो. मग लोक म्हणतात, काल तर चालत होतं.

तुमचं पाणी जड आहे का हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. तुरीची डाळ शिजायला कुरकुरते का? साबणाला फेस कमी येतो का? बंबाच्या किंवा गिझरच्या आत पांढरी खरवड धरते का? तीनही उत्तरं ‘हो’ असतील तर नळाचं पाणी थेट मशीनमध्ये घालू नका. काहीशे रुपयांत टीडीएस मीटर मिळतो. तो नेमका कठीणपणा मोजत नाही, एकूण विरघळलेले क्षार मोजतो, पण घरच्या कामाला पुरतो. मशीनसाठी 150 च्या आसपासचा आकडा उत्तम.

इथे बरेचजण दुसऱ्या टोकाला जातात आणि नुसतं आरओचं किंवा जारचं पाणी भरतात. त्याने थर बसत नाही हे खरं, पण क्षार पार काढलेलं पाणी धातूला खातं, कॉफीही त्यात फिकी उतरते. काही मोठ्या मशीनमध्ये बॉयलरची पातळी ओळखणारी सळई पाण्यातल्या क्षारांवरच चालते. तिला कोरं पाणी दिसतच नाही आणि बॉयलर भरतच राहतो. उपाय सोपा आहे, मिसळायचं. समजा नळाचं पाणी 600 आणि आरओचं 40 दाखवतं. एक ग्लास नळाचं आणि चार ग्लास आरओचं घेतलं की मिश्रण साधारण 150 ला येतं. आपले आकडे घालून असा हिशेब एकदा करा, प्रमाण ओट्यावर चिकटवून ठेवा आणि विसरून जा. पावसाळ्यानंतर आणि ऐन मे महिन्यात मात्र मीटर पुन्हा बुडवून बघा, कारण विहिरीचं पाणी ऋतूबरोबर बदलतं.

आरओ नसेल तर नळाचं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, झाकून निवू द्या, वरचं पाणी दाट फडक्यातून गाळून घ्या. तळाशी बसलेला पांढरा गाळ तेवढाच मशीनमध्ये जायचा वाचला. याने सगळा कठीणपणा जात नाही, पण तापवल्यावर बाहेर पडणारा बराचसा जातो, आणि आपल्याला त्रास देतो तो तोच.

थर बसलाच असेल तर तो काढायला सायट्रिक अॅसिड, म्हणजे लिंबूसत्व. किराणा दुकानात मिळतं. खाण्याच्या दर्जाचं घ्या, रंगकामाचं नको. एक लिटर कोमट पाण्यात 20 ग्रॅम, म्हणजे साधारण चार सपाट चमचे, पूर्ण विरघळवा. पाणी उकळतं घेऊ नका. जास्त गरम द्रावणात चुन्याचं नवंच न विरघळणारं मीठ तयार होतं आणि एक थर काढताना दुसरा बसतो. टाकीत फिल्टरची कांडी असेल तर आधी काढून ठेवा. द्रावणाचा पाव भाग कॉफीच्या तोंडातून सोडा, मशीन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग पुढचा पाव भाग. थोडं वाफेच्या नळीतूनही जाऊ द्या, तिला लोक विसरतात. द्रावण संपलं की स्वच्छ पाण्याच्या दोन टाक्या पूर्ण सोडा आणि शेवटचं पाणी जिभेवर घेऊन बघा. आंबट लागलं तर आणखी एक. मिसळलेलं पाणी वापरत असाल तर दोन-तीन महिन्यांनी एकदा हे पुरे. नळाचंच वापरत असाल तर दर महिन्याला करा, आणि तरीही मी म्हणेन, पाणी बदला.

व्हिनेगर नको. त्याचा वास आठवडाभर कॉफीत राहतो आणि रबरी भागांनाही ते चांगलं नाही. बाहेर येणारं पाणी निळसर-हिरवट दिसलं तर लगेच थांबा आणि स्वच्छ पाणी सोडा, कारण तेव्हा थर संपून आतलं तांबं-पितळ विरघळायला लागलेलं असतं. वर्षानुवर्षं साफ न केलेल्या मशीनला एकदम कडक मात्रा देऊ नका. थराची खपली निघून पुढच्या बारीक झडपेत अडकते आणि जे थेंब थेंब चालू होतं तेही बंद पडतं. अशा मशीनला निम्म्या ताकदीचं द्रावण, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, तीन-चार वेळा. आणि तुमचं मशीन मोठ्या बॉयलरचं, महागडं असेल तर आधी पुस्तिका वाचा. अशी काही मशीनं घरी थर काढण्यासाठी बनवलेलीच नसतात.

विजेचं दुखणं वेगळं. उन्हाळ्यात केळीच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज कुठे जातं ते सांगायला नको. 230 चं 180 झालं तर हीटरची ताकद निम्म्याच्या थोडीच वर उरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 1350 वॉटचा हीटर तेव्हा सव्वाआठशे वॉटचंच काम करतो. पंपही मरगळतो. कॉफी कोमट आणि आंबट येते, आणि माणूस दळण बदलत बसतो. व्होल्टेज सुधारेपर्यंत मशीनला दोष देऊ नका. फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर इथे जळेल. लावायचाच तर निदान दोन केव्हीएचा लावा. घरच्या नेहमीच्या इन्व्हर्टरवर हे मशीन चालवायचं नाही. त्याला हीटर झेपत नाही, आणि साध्या इन्व्हर्टरची वीज पंपालाही मानवत नाही.

प्लग 16 अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा. छोट्या सॉकेटला अॅडॉप्टर लावून चालवलेल्या मशीनचा प्लग पंधरा मिनिटांनी हाताला गरम लागतो, तो धोक्याचा इशारा आहे. आणि अर्थिंग. आपल्याकडे बऱ्याच घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे तार नसते. पाणी, वाफ, वीज आणि धातूची पेटी एकत्र असताना ही हयगय चालत नाही. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, आणि मग खुशाल कॉफी प्या.

अमेरिकेहून आलेलं मशीन असेल तर मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावूच नका. 120 व्होल्टचं मशीन आपल्या 230 ला जोडलं की पहिल्याच मिनिटात संपतं. त्याला दोन हजार वॉटचा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो वजनाने मशीनच्या बरोबरीचा, आणि इतकं करूनही तिथल्या 60 हर्ट्झवर धडधडणारा पंप आपल्या 50 हर्ट्झवर थोडा संथच चालतो. भाच्याला सांगा, त्यापेक्षा कॉफीच्या बिया आण.

आता निदान. मशीन बिघडलंय की कॉफी चुकली आहे, हे ओळखायची एकच मोठी कसोटी आहे: कॉफी न घालता पाणी सोडून बघणं. मशीन नवं असेल त्याच दिवशी रिकाम्या तोंडातून दहा सेकंदांत किती पाणी येतं ते वजनकाट्यावर मोजा आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे कधीही शंका आली की पुन्हा मोजा. आकडा तोच असेल तर मशीन ठणठणीत आहे, दोष दळणात किंवा बियांत शोधा. आकडा घसरला असेल तर थर आहे, वरची जाळी चोंदली आहे किंवा पंप थकला आहे.

पाणी येतच नसेल तर आवाज ऐका. पंप अजिबात गुरगुरत नसेल तर प्रश्न विजेचा. मोठा, पोकळ खडखडाट असेल आणि पाणी नसेल तर त्याच्या पोटात हवा आहे. टाकी काढून नीट बसवा, कारण तिच्या तळाची झडप पूर्ण दाबली गेली नाही तर पाणी खाली उतरतच नाही. मग वाफेचा नॉब उघडा ठेवून पंप थोडा थोडा चालवा. हवा त्या वाटेने निघते. तरीही नाहीच, तर औषधाच्या दुकानातून सुई नसलेली मोठी सिरिंज आणा आणि टाकी काढल्यावर दिसणाऱ्या नळीच्या तोंडातून पाणी आत ढकला. बहुतेक वेळा पंप खोकल्यासारखा आवाज करून सुरू होतो. कोरडा पंप मिनिटभराच्या वर चालवू नका. तो तापून बंद पडला तर अर्धा तास निवू द्या, बऱ्याच पंपांना स्वतःचा तापमान-कट असतो आणि निवल्यावर ते पुन्हा चालू होतात.

रिकामं पाणी धो धो येतं पण कॉफी घातली की थेंबही नाही? दळण फार बारीक आहे. स्वस्त मशीनबरोबर येणारी दुहेरी तळाची जाळी वापरत असाल तर तिच्या बाहेरच्या तळाला एकच सुईएवढं भोक असतं, ते चोंदलंय का बघा. उजेडाकडे धरा, पिनेने मोकळं करा, गरम पाण्यात भिजत ठेवा. मद्रासी फिल्टर कॉफीचं चिकोरी मिसळलेलं पाकीट यात घालू नका, चिकोरी फुगून चिकट होते. इन्स्टंट तर कधीच नाही.

उलट कॉफी दहा-बारा सेकंदांतच सुर्रकन येऊन कप भरत असेल, पाणचट आणि आंबट लागत असेल, तर दळण जाड आहे किंवा बिया शिळ्या आहेत. साधा हिशेब असा: जाळीत मावेल तशी 14 ते 18 ग्रॅम कॉफी, कपात तिच्या दुप्पट वजनाचं पेय, वेळ 25 ते 30 सेकंद. वेळ कमी लागला तर एक पायरी बारीक दळा, जास्त लागला तर एक पायरी जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण, वजन आणि दाब तिन्ही एकदम बदलणाऱ्याला काय सुधारलं ते कधीच कळत नाही.

पोर्टाफिल्टरच्या, म्हणजे दांडा असलेल्या त्या जड भांड्याच्या, कडेने पाणी गळत असेल तर वरचं गॅस्केट बघा. कुकरचं गॅस्केट जसं कडक होतं तसंच हेही होतं. आधी काडीने आणि ओल्या फडक्याने त्यावरचा कॉफीचा चुरा काढा, बहुतेक गळती तिथेच थांबते. रबर नखाने दबत नसेल तर बदला. मागवताना माप नक्की बघा. घरगुती मशीनची मापं 51, 54 आणि 58 मिलिमीटर अशी वेगवेगळी असतात, आणि एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या गॅस्केटची जाडीही वेगळी असू शकते. जुनं काढून त्याचा फोटो समोर ठेवूनच मागवा.

वापरून झाल्यावर जाळीतली कॉफी चिखलासारखी ओली राहते ही तक्रार मी सारखी ऐकतो. हा बिघाड नाही. महागड्या मशीनमध्ये उरलेला दाब बाहेर सोडणारी तीन वाटांची झडप असते, त्यामुळे तिथे कोरडी वडी पडते. स्वस्त मशीनमध्ये ती झडप नसते. त्यात कॉफी संपली की लगेच दांडा फिरवू नका, आत दाब असतो आणि गरम चिखल अंगावर उडतो. अर्धा मिनिट थांबा. याच कारणाने, आंधळी, म्हणजे भोकं नसलेली, जाळी लावून उलटं पाणी फिरवायची जी साफसफाई व्हिडिओत दाखवतात ती फक्त त्या झडपेच्या मशीनसाठी आहे. तुमच्या मशीनला झडप नसेल तर तसं करू नका, आतल्या जोडांवर नसता ताण येतो.

वाफ कमी झाली तर दहापैकी नऊ वेळा नळीच्या टोकाचं भोक दुधाने बुजलेलं असतं. आपल्याकडे म्हशीचं दूध, साय जाड, त्यामुळे हे लवकर होतं. वाफ बंद करताच नळीत पोकळी होते आणि ती दूध आत ओढून घेते, हे ध्यानात ठेवा. दूध तापवून झालं की लगेच ओल्या फडक्याने नळी पुसायची आणि दोन सेकंद वाफ मोकळी सोडायची. उद्यावर ठेवायचं नाही. बुजलेलं टोक स्क्रू फिरवून निघतं. गरम पाण्यात भिजवा, शिलाईच्या सुईने भोक मोकळं करा.

मशीनखाली पाणी दिसलं तर घाबरू नका. आधी ट्रे भरून सांडला आहे का ते बघा. नसेल तर टाकीखालचं रबर बघा. तेही नीट असेल आणि पाणी पोटातून येत असेल तर आतली नळी गेली. आणि नळी नेहमी जुनी होऊनच जाते असं नाही. उबदार, अंधारी, ओलसर पेटी म्हणजे झुरळं आणि मुंग्या यांना आयतं घर. उंदरांनाही नळी आणि वायर वर्ज्य नाही. रात्री ट्रे रिकामा करून पुसा, साखरेचा डबा मशीनशेजारी ठेवू नका, टाकीवर झाकण हवंच. आठ-दहा दिवस गावाला जाणार असाल तर टाकी रिकामी करून उलटी ठेवा.

दळणयंत्राबद्दल थोडक्यात, पण खर्चाच्या दृष्टीने हे पहिलं: पैसे कमी असतील तर मशीन स्वस्त घ्या आणि दळणयंत्र चांगलं. मिक्सरमध्ये एस्प्रेसोचं दळण होत नाही. त्यात पीठ आणि भरड एकत्र पडते, आणि पाणी भरडीतून वाट काढून पळतं. दळणयंत्राच्या दात्यांना पाणी लावू नका. आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडा, महिन्याला उघडून जुनं तेलकट पीठ काढा. त्या तेलाला खवट वास येतो आणि नव्या बियांची चव जाते. साफ करायला कच्चे तांदूळ दळायचा सल्ला फिरत असतो, तो ऐकू नका, तांदूळ कॉफीच्या बीपेक्षा कठीण असतो आणि लहान मोटारीला तो झेपत नाही. मे महिन्यात कोरड्या हवेने पीठ सगळीकडे चिकटतं, तेव्हा दळण्याआधी बियांत ओल्या चमच्याची दांडी फिरवा. जुलै-ऑगस्टमध्ये बिया दमट होतात आणि तेच दळण जास्त वेळ घेतं, तेव्हा एक पायरी जाड करा. बिया भाजल्याची तारीख छापलेल्याच घ्या, भाजल्यापासून आठवडाभर थांबा आणि पुढच्या महिनाभरात संपवा. डबा हवाबंद हवा आणि चुलीपासून लांब. जवळचीच कॉफी हवी असेल तर मेळघाट ओलांडला की चिखलदरा आहे, महाराष्ट्रात कॉफी पिकते ती तिथे.

वीज सारखी जात असेल तर माझं मत सरळ आहे: मशीनच्या नादी लागू नका, मोका पॉट घ्या. इटलीच्या बियालेत्तीने 1933 मध्ये काढलेलं हे अॅल्युमिनियमचं भांडं गॅसवर चालतं. दाब एस्प्रेसोइतका नसतो, पण कॉफी कडक उतरते. पाणी बाजूच्या पितळी झडपेच्या खालीच ठेवा, कॉफी दाबू नका, आच मंद ठेवा. ती झडपही जड पाण्याने चोंदते, आणि तिथे हलगर्जीपणा जीवावर बेतू शकतो. महिन्यातून एकदा ती आतून बोटाने किंवा काडीने दाबून हलते का बघा. अॅल्युमिनियमच्या पॉटला राख, तारेची घासणी आणि कडक साबण नको.

घरात काही सुटे भाग ठेवायला हवेत: एक गॅस्केट, एक जाळी, हातभर सिलिकॉनची नळी आणि जमलं तर एक पंप. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये उल्का कंपनीचा ईपी-5 पंप असतो, मागवताना तो 230 व्होल्टचा आहे ना ते बघा. बसवून द्यायला मिक्सर-गिझर दुरुस्त करणारा गावचा माणूस पुरतो. त्याला कॉफीतलं काही कळत नसलं तरी मल्टिमीटर कळतो, आणि या पेटीत हीटर, थर्मोस्टॅट, फ्यूज आणि पंप यापलीकडे फारसं काही नसतं. मात्र स्क्रू काढण्याआधी प्लग काढायचा आणि मशीन तासभर निवू द्यायचं. काढलेल्या प्रत्येक जोडाचा फोटो घ्यायचा. मशीन लावताच आरसीसीबी पडत असेल, जळका वास येत असेल किंवा पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घरगुती उपाय तिथेच संपले. प्लग काढा आणि जाणकाराला दाखवा.

शेवटची एक विनंती. थर्मल फ्यूज उडाला की काही कारागीर त्या जागी साधी तार जोडून देतात. मशीन लगेच चालू होतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण तो फ्यूज तापलेल्या ठोकळ्याला आग लागू नये म्हणून बसवलेला शेवटचा पहारा आहे. अशी तार जोडलेलं मशीन घरात चालवू नका. फ्यूज फारच थोड्या रुपयांत मिळतो. जुन्यावर जितके अंश छापलेले असतील तितक्याच अंशांचा मागवा, तोवर मोका पॉट आहेच.